शाईत पाणी मुरतंय

आमच्या माण तालुक्यात गप्पा कुठूनही निघाल्या तरी शेवटी पाण्यावर येऊन थांबतात. लग्नाची बोलणी चालू असोत. मुलाचं शिक्षण, नोकरी, जमीन असं सगळं विचारून झालं की मुलीचा मामा पानाला चुना लावता लावता हळूच विचारतो, "बरं, विहिरीला एप्रिलात किती पाणी असतं?" या प्रश्नावर जो पाहुणा घुटमळला, त्याचं लग्न लांबलंच म्हणून समजा. तेव्हा छपाईच्या शाईवर लिहायला बसलेला मी पहिल्याच परिच्छेदात पाण्यावर आलो, तर वाचकांनी माझ्या माणदेशी रक्ताला दोष देऊ नये. दोष शाईचा आहे. दहिवडीच्या एका बँकेत (नाव सांगत नाही, बदलीचे हुकूम कोण काढतो हे आपण जाणताच) इतकी वर्षं खर्डेघाशी केल्यावर मला असं कळलं, की आमच्या साहेबांच्या केबिनमधल्या रंगीत प्रिंटरची शाई म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त चक्क पाणी आहे!

हे मला सांगितलं माझ्या साडूंनी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. साडू हे नातंच असं, की समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि वर चहाही पाजावा लागतो. मी पडलो बी.कॉम. रसायनशास्त्राशी माझा संबंध सोड्याच्या बाटलीपुरता. पण "शाईत असतं तरी काय?" असा एक साधा प्रश्न मी चहा ओतता ओतता विचारला आणि साडूंनी पाय वर घेऊन मांडी ठोकली. प्राध्यापकांनी मांडी ठोकली की तास भरला असं समजावं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "शाईची सगळी रड एवढीच, की यंत्रात असेपर्यंत तिने वाळायचं नाही आणि कागदावर पडल्या पडल्या वाळायचं. आता हे दोन्ही एकाच बाईला कसं जमावं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सुना करतात. माहेरी बोलतात, सासरी गप्प."

साडूंनी तिकडे दुर्लक्ष केलं. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला बँकेच्या भाषेतच कळलं. शाईतलं पाणी म्हणजे आम्ही कारकून मंडळी. सगळी वाहतूक आमची, नाव कुठेच नाही, आणि काम झालं की हवेत उडून जायचं. रंग म्हणजे शाखाधिकारी. शंभरात जेमतेम चार-पाच भाग, पण कागदावर दिसतो तोच. मग ग्लिसरीन, ग्लायकॉल आणि टू-पायरोलिडोन नावाचे एक गृहस्थ. हे ओल धरून ठेवतात. ज्या भोकातून शाई उडते ते केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. तिथली शाई वाळली की बूच बसलं. ते बसू नये म्हणून ही मंडळी पाण्याचा हात धरून बसतात आणि त्याला उठू देत नाहीत. आमच्याकडे रिटायर झालेले हेडक्लार्क पेन्शनच्या दिवशी येऊन हेच करतात.

याशिवाय साबणाच्या जातीचं काहीतरी चिमूटभर असतं. ते नसेल तर थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा कागदावर गोळा होऊन बसेल, आणि जास्त झालं तर टीपकागदासारखा फुटून पसरेल. बुरशी धरू नये म्हणून एक औषध. होय, शाईलाही बुरशी येते. पाणी, ग्लिसरीन आणि अंधार मिळाल्यावर कुणाला येणार नाही? आंबट-तुरटपणा सांभाळणारा एक क्षार, आणि शेवटी पाण्यातल्या चुन्याला नि लोखंडाला चिमटीत पकडून ठेवणारं एक द्रव्य. हा आमचा ऑडिटर. स्वतः काही छापत नाही, पण कुणी भलतंसलतं साचवायला लागला की त्याला धरतो.

या ऑडिटरचं महत्त्व आमच्या आबांनी सिद्ध करून दाखवलं. आबा म्हणजे शाखेचे शिपाई. मोटारीच्या बॅटरीपासून मुलांच्या गोवरापर्यंत कशावरही त्यांच्याकडे इलाज असतो. काडतूस (प्रिंटरच्या शाईच्या डबीला आमच्या मेकॅनिकचा शब्द, शाई उडते म्हणून असेल) संपत आलं, तेव्हा आबांनी जनावरांच्या डॉक्टरकडून सुई आणली आणि "शाईत पाणीच हाय म्हंत्यात ना प्रोफेसरसाहेब?" असं म्हणून आत बोअरचं पाणी सोडलं. आमच्या बोअरचं पाणी असं, की चहाच्या भांड्याला महिन्याभरात आतून चुनकळी मारून देतं. कारखान्यात शाईला लागतं ते सगळे क्षार काढलेलं पाणी. पुढे चार दिवसांनी त्या प्रिंटरमधून जो कागद बाहेर आला, त्यावर साहेबांच्या परिपत्रकाऐवजी आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. "साहेबांचं परिपत्रक असंच वाचायला बरं वाटतंय," असं कॅशियर म्हणाले, पण ते हळू.

मग नवं काडतूस आलं. किंमत ९०० रुपये. मी सवयीने खोक्याची सगळी बाजू वाचली. फुकट छापलेलं वाचायचं सोडू नये, असं आमच्या वडिलांचं म्हणणं. आत शाई होती ८ मिलिलिटर. आता हिशेब हा माझा प्रांत. एका मिलिलिटरला ११२ रुपये ५० पैसे. एका लिटरला १,१२,५०० रुपये. मी कॅल्क्युलेटर पुन्हा मारला. तेवढंच. पेट्रोल, दूध, तूप, अस्सल मध हे सगळं मागे टाकून पाणी पुढे गेलं होतं! उन्हाळ्यात आमच्या वाड्या-वस्त्यांवर १०,००० लिटरचा टँकर येतो आणि त्याच्यावर बाया-बापड्या घागरी घेऊन तुटून पडतात. तोच टँकर या शाईने भरून आणला तर ११२ कोटी ५० लाख रुपयांचा होईल. एवढ्या रकमेच्या टँकरला पंक्चर झालं तर जबाबदार कोण, असा प्रश्न मी साहेबांना विचारला. ते म्हणाले, "तुम्ही आजचं क्लिअरिंग संपवलंत का?"

ही शाई उडते कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. काही प्रिंटरांत ती अक्षरशः उकळवून उडवतात. प्रत्येक भोकाच्या आत एक इवलीशी शेगडी. ती सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी वेळात ३०० अंशांपर्यंत तापते, शाईचा बुडबुडा होतो आणि तो पुढच्या थेंबाला ढकलून देतो. एका मिलिलिटरचे एक अब्ज भाग करा. एक थेंब म्हणजे त्यातले चार-पाच. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या इचिरो एन्दो नावाच्या संशोधकाकडून झाळकाम करायचं तापलेलं हत्यार चुकून शाईच्या सुईला लागलं, सुईतून फुर्रकन् शाई उडाली आणि त्यातून हे सगळं सुचलं. आमच्या आबांच्या हातून इतक्या गोष्टी इतक्या गोष्टींना लागल्या आहेत, पण पेटंट एकही नाही. या शेगडीवर शाई करपून थर बसतो, त्याला इंग्रजीत कोगेशन असा भारदस्त शब्द आहे. तो जपानी 'कोगे' म्हणजे करपणं यावरून आला. आमच्या घरी त्याला खरवड म्हणतात आणि दुधाच्या पातेल्यातली असेल तर तिच्यावरून भांडणं होतात.

पण एवढा खटाटोप करून कागदावर जे उमटतं, ते टिकतं का? इथे साडूंनी हळदीचा आणि केशराचा दाखला दिला. केशर पाण्यात उतरतं, पाण्यातच मिसळून जातं. हळद पाण्यात कालवली तरी कणाकणाने वेगळीच राहते, थोडा वेळ ठेवली की तळाशी बसते. शाईच्या रंगाच्याही याच दोन जाती. पहिली दिसायला झळझळीत, पण पाण्यातून आलेली असल्यामुळे पुन्हा पाणी दिसलं की त्याच्याबरोबर निघाली. दुसरी, म्हणजे कणांची, कागदाच्या अंगाला चिकटून बसते. आणि या दुसऱ्या जातीतलं सगळ्यांत जुनं, स्वस्त आणि चिवट जे द्रव्य आहे, ते म्हणजे काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते ती! आज कारखान्यात तेल अर्धवट जाळून ती करतात आणि तिला कार्बन ब्लॅक म्हणतात, एवढाच फरक.

आपले पूर्वज ही काजळी बाभळीच्या डिंकात घोटत आणि बोरूने लिहीत. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल पडले आहेत. मोडी वाचता आली तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणाकडे किती बाकी होती ते आजही लख्ख दिसतं. बाकी बुडाली, कर्जदार गेला, सावकार गेला, राज्य गेलं. काजळी आहे तिथे आहे. बाभळीला तर आमच्या तालुक्यात तोटा नाही. नेमकी पाण्याची शाई आम्ही विकत घ्यावी आणि डिंक रस्त्याकडेला गळत राहावा, याला काय म्हणावं?

छापखाने आले तेव्हा काजळी तेलात गेली. उकळलेलं जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू शोषून. त्याची पापडी धरते आणि अक्षर पक्कं होतं. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. तेव्हाच्या सोवळ्या मंडळींना संशय, की या छापील शाईत जनावराची चरबी असणार. मग पंचांगाला शिवायचं कसं आणि मुहूर्त बघायचा कसा? म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं असं सांगतात. शाईत काय काय असतं हे गिऱ्हाइकाने विचारायचा मराठीतला हा बहुधा पहिलाच प्रसंग, आणि कारखानदाराने गिऱ्हाइकाचं ऐकण्याचा बहुधा शेवटचा. पुढे १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या, त्यातून कॅमलची दौत घरोघर आली. शाळेत आम्ही तिचीच शाई सदऱ्याच्या खिशाला पाजत होतो. आईने सदरा एकदा धुतला की निळं अर्धं जायचं. तेव्हाच मला केशराच्या जातीची ओळख पटायला हवी होती. पण सदरा आई धुवायची.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या काउंटरवर पासबुकं छापायचं एक जुनं, करकरणारं यंत्र आहे. चोवीस टाचण्यांचं डोकं रिबिनीवर टकटक करत जातं. त्या रिबिनीत पाणी नसतं, काजळी आणि न वाळणारं तेल असतं. तेच तेल टाचण्यांना वंगण म्हणून चालतं. छापून छापून रिबीन फिकी पडली तर तिला शनिवार-रविवार विश्रांती द्यावी. कोपऱ्यातलं तेल हळूहळू कोरड्या भागात झिरपतं आणि सोमवारी ती थोडी काळी होऊन कामाला लागते. माणसांच्या बाबतीतही हा प्रयोग व्हावा असं युनियनचं पूर्वीपासून म्हणणं आहे.

गेल्या वर्षी हे यंत्र बंद पडलं. साताऱ्याहून मेकॅनिक "उद्या" येणार होता. असे एकोणीस उद्या गेले. तेव्हा साहेबांनी युक्ती काढली, की नोंदी आपल्या केबिनमधल्या रंगीत प्रिंटरवर पट्ट्यांवर छापायच्या आणि पासबुकात खळीने चिकटवायच्या. पट्ट्या फार सुबक दिसायच्या. त्यातच काळं काडतूस संपलं. तरी प्रिंटर काळंच छापत राहिला. साडू म्हणाले, तो आता गुलाबी, निळा आणि पिवळा एकत्र करून काळा करतोय. म्हणजे तीन केशरं मिळून एक काजळ झाल्याचं सोंग!

ते सोंग परतीच्या पावसाने उतरवलं. आमच्याकडे पाऊस येत नाही, आणि येतो तेव्हा विचारून येत नाही. एका शुक्रवारी मेंढरंवाले तात्या काउंटरवर आले. त्यांना फलटणच्या अलीकडे उघड्या माळावर पावसाने गाठलेलं. कोपरीच्या आतल्या खिशातून त्यांनी पासबुक काढलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं. पट्टीवर रंगपंचमी झालेली. कडेला गुलाबी, मध्ये निळसर ओघळ, एका कोपऱ्यात पिवळं. अकरा बोकडं विकून आलेले ८६,५०० रुपये त्यात कुठेतरी वाहून गेले होते.

"सायेब, पैसं धुवून गेलं," तात्या म्हणाले. रागाने नाही, गारपीट झाली म्हणून सांगावं तसं.

"तात्या, पैसे कुठे जातात? खात्यात आहेत की. हे बघा, इथे दिसतायत," मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी वाकून पाहिलं. "तुमच्या टीव्हीवर दिसत्यात. लाइट गेल्यावर?"

"लाइट गेली तरी असतात."

"दिसत न्हाईत आन् असत्यात?" तात्यांनी मागे रांगेकडे पाहिलं. रांग माझ्याकडे पाहू लागली. द्विनोंदी पद्धतीचे सगळे नियम मला पाठ आहेत, पण न दिसणारं असतं हे मेंढपाळाला पटवायचं कलम त्यात नाही. रात्री मेंढरं मोजून कोंडणारा माणूस तो. दिसलं नाही ते लांडग्याने नेलं, एवढाच त्याचा जमाखर्च. "सोमवारी नातीच्या नर्सिंग कॉलेजात ह्ये पान दावायचं हाय," तात्या म्हणाले. "पैसं हायत का बगत्यात. तिथं काय तुमचा टीव्ही न्यू?"

"तात्या, एटीएमची चिठ्ठी चालेल का?" कॅशियरांनी मध्येच सुचवलं. तात्यांनी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठ्यांची चवड काढली. सगळ्या कोऱ्या! त्या चिठ्ठ्यांवर शाई नसतेच मुळी. कागदावरच रंगाचा लेप असतो, उष्णतेने तो काळा होतो आणि ऊन, घाम लागला की पुन्हा माघार घेतो. माणच्या उन्हात तो महिनाभर टिकला तर नशीब. मग तात्यांनी सातबारा ठेवलेलं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. तो लेसर प्रिंटरवरचा. त्यातही शाई नाही, काजळी कालवलेल्या प्लॅस्टिकची पूड तापवून कागदावर वितळवलेली. तिला पाण्याचं भय नाही, पण पाकिटाच्या मऊ प्लॅस्टिकशी तिची सोयरीक जमते. तात्यांच्या गट नंबराची अर्धी अक्षरं पाकिटाला उलटी चिकटून आली होती. म्हणजे जमीन आरशात वाचायची पाळी! एका माणसाच्या कमरेला तीन प्रकारची छपाई, आणि तिन्हींनी आपापल्या परीने दगा दिलेला. बाकी त्या पिशवीत धड राहिलं होतं ते एकच. चुन्याची डबी.

त्या दिवशी मी साताऱ्याला जो फोन केला तो लिहून दाखवण्यासारखा नाही. मेकॅनिक शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने आला. महिन्यातला दुसरा-चौथा शनिवार नव्हता, हे तात्यांचं नशीब. रोलर साफ झाला, दोन टाचण्या बदलल्या, नवी रिबीन बसली. तात्या सात वाजल्यापासून पायरीवर बसून होते. नव्या पासबुकावर टकटक करत ओळी उतरल्या: बोकडांचे ८६,५००, त्याआधीचं चाऱ्याचं अनुदान, नातीच्या अकरावीच्या फीचा खर्च. सगळं एकाखाली एक.

तात्यांनी पासबुक हातात घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि ८६,५०० वर खसकन् ओढला. साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अंगठ्याला किंचित काळं लागलं. आकडा जागचा हलला नाही.

"काय घातलंय ह्यात?" तात्यांनी विचारलं.

"काजळी आणि तेल."

"मग नीट सांगा की! मेंढराच्या पाठीला खूण करताना आमी बी रंग तेलातच कालवतो. पान्यात कालवला तर पैल्या पावसात समदी मेंढरं एका मालकाची." त्यांनी केबिनमधल्या रंगीत प्रिंटरकडे बोट केलं. "आन् त्यात?"

"त्यात पाणी आहे तात्या. बरंचसं पाणी."

"काय भावानं?"

मी भाव सांगितला. तात्या जरा वेळ गप्प राहिले. ओठ हलत होते. मेंढरं मोजत असावेत. मग पासबुक कोपरीत ठेवत म्हणाले, "माज्या नव्वद मेंढरांत एक कळशी भरंल म्हना की."

आणि रांगेतल्या प्रत्येकाने त्या दिवशी काउंटर सोडण्यापूर्वी अंगठा ओला करून घेतला.